कापड रंगवल्यावर उरलेल्या सांडपाण्यातील रंग रासायनिक पद्धतीने काढण्याची रीत

कापड रंगवून झाल्यावर बाहेर पडणारे पाणी गर्द लाल, निळे किंवा जवळजवळ काळे दिसते, तेव्हा त्यात रंगद्रव्य फार मोठ्या प्रमाणात असेल असे वाटते. प्रत्यक्षात काही रंग लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी असले तरी डोळ्यांना स्पष्ट दिसतात. उलट त्याच पाण्यातले मीठ, अल्क, कांजी, साबण आणि विखुरणारी साहाय्यक रसायने वजनाने कितीतरी अधिक असून दिसत मात्र नाहीत. त्यामुळे रंग काढण्याच्या कामात डोळा हा उपयोगी पण लबाड साक्षीदार ठरतो. या लेखात सांगितलेली प्रत्येक पद्धत दोनपैकी एका वर्गात मोडते: रंगद्रव्य पाण्यातून उचलून गाळात आणणारी, किंवा रंगद्रव्याचा रेणू पाण्यातच तोडणारी. पहिल्या वर्गात रंग नाहीसा होत नाही, तो गाळात जातो. दुसऱ्या वर्गात रंग दिसेनासा होतो, पण रेणूचे तुकडे पाण्यात राहू शकतात. कोणती पद्धत कधी वापरावी हा निर्णय या फरकाचे भान ठेवूनच घ्यावा लागतो.

आधी पाणी ओळखावे

रसायनांची पिंपे उघडण्यापूर्वी पाण्यात कोणत्या वर्गाचा रंग आहे हे कळले पाहिजे. रंगकामाच्या नोंदवहीत ही माहिती बहुधा असतेच. सुतासाठी सर्वांत जास्त वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग 1956 मध्ये बाजारात आले. ते धाग्याशी रासायनिक बंध जोडतात, पण त्यांचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतो आणि मग तो कापडावर बसू शकत नाही. रंगाच्या जातीनुसार आणि छटेच्या गडदपणानुसार 10 टक्क्यांपासून कधी कधी निम्म्यापर्यंत रंग असा वाया जातो. हे रंग पाण्यात उत्तम विरघळतात, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि सोबत लिटरला 40 ते 100 ग्रॅम मीठ व 11 च्या आसपासचा सामू (पीएच) असतो. डायरेक्ट रंग आणि लोकर, रेशीम व नायलॉनसाठीचे ॲसिड रंगही ऋणभारितच असतात. ॲक्रिलिकसाठीचे बेसिक रंग मात्र धनभारित असतात. पॉलिएस्टरसाठीचे डिस्पर्स रंग जवळजवळ विरघळतच नाहीत, ते सूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत राहतात. व्हॅट रंग, ज्यांत नीळही येते, आणि सल्फर रंग हे क्षपण (रिडक्शन, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करून विरघळवलेल्या अवस्थेत कापडावर चढवले जातात व हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा अविद्राव्य होतात.

नोंदवही हाताशी नसेल किंवा अनेक रंगांचे पाणी एकत्र झाले असेल, तर दोन सोप्या चाचण्या बरेच काही सांगून जातात. पहिली चाचणी म्हणजे 0.45 मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणपटलातून थोडे पाणी गाळून पाहणे. गाळलेले पाणी बरेच फिके झाले, तर रंग कणरूपात आहे आणि किलाटनाने, म्हणजे कण एकत्र गोळा करणारे रसायन घालून, तो सहज खाली बसेल. रंग तसाच राहिला, तर तो विरघळलेला आहे आणि काम अवघड आहे. दुसऱ्या चाचणीत नमुना अल्कधर्मी ठेवून कोमट करावा आणि त्यात चिमूटभर सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे रंगकाम करणाऱ्यांचे ‘हायड्रोस’, टाकावे. रंग जाऊन हवेत ढवळल्यावरही परत येत नसेल, तर बहुधा तो ॲझो जातीचा, म्हणजे दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधाने जोडलेला, आहे. रंग बदलून हवेत पुन्हा मूळपदावर येत असेल, तर तो व्हॅट किंवा अँथ्राक्विनोन जातीचा असण्याची शक्यता अधिक.

सल्फर रंगांच्या बाबतीत तिसरी चाचणी अनिवार्य मानावी. लेड ॲसिटेटचा कागद थोड्या नमुन्याच्या तोंडाशी धरून नमुन्यात एक-दोन थेंब आम्ल टाकावे, आणि हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करावे. कागद काळा पडला तर पाण्यात सल्फाइड आहे. अशा पाण्याच्या टाकीत आम्ल ओतले, तर हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो, आणि तो अधिक प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही असे समजता येत नाही. सल्फाइडचे पाणी आम्लाशी भेटण्यापूर्वी अल्कधर्मी अवस्थेतच हवा फुंकून किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालून ऑक्सिडीकृत करावे, आणि कागद काळा पडणे थांबले याची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

प्रवाह वेगळे ठेवणे ही रासायनिक प्रक्रियेची निम्मी वाट आहे. रंगाच्या पहिल्या बाथचे पाणी आकारमानाने थोडे, पण रंगाने आणि मिठाने गच्च असते. नंतरच्या धुण्यांचे पाणी खूप, पण फिके असते. दोन्ही एकत्र मिसळून सगळ्याच पाण्यावर महागडी अभिक्रिया करण्यापेक्षा पहिले पाणी बाजूला साठवून त्याच्यावर वेगळे उपचार करणे केव्हाही शहाणपणाचे. जे पाणी एकत्रच करावे लागते, ते समतोल टाकीत काही तास ढवळत ठेवावे. सकाळी लाल आणि दुपारी निळे येणाऱ्या पाण्याला एकच मात्रा कधीच लागू पडत नाही.

रंग मोजावा कसा

मोजमापाशिवाय केलेली तुलना फसवी ठरते. पिवळसर नैसर्गिक पाण्यासाठी वापरली जाणारी प्लॅटिनम-कोबाल्ट पट्टी निळ्या किंवा लाल पाण्याला लावण्यात अर्थ नसतो. त्याऐवजी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 436, 525 आणि 620 नॅनोमीटर या तीन तरंगलांबींवर शोषकता, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषते ते, मोजावी. आंतरराष्ट्रीय आयएसओ 7887 मानकात याच तरंगलांबी दिल्या आहेत. नमुना आधी 0.45 मायक्रोमीटरच्या पटलातून गाळून घ्यावा, नाहीतर गढूळपणा रंग म्हणून मोजला जातो. शोषकता 1 च्या वर जात असेल तर नमुना पातळ करून मोजावा आणि उत्तराला त्या पटीने गुणावे. अनेक रंगांची छटा सामूनुसार बदलते, म्हणून उपचाराआधीचा आणि नंतरचा नमुना एकाच सामूवर आणून मगच तुलना करावी. ही साधी अट न पाळल्यामुळे आम्लधर्मी पाण्यात ‘रंग गेला’ म्हणून आनंद होतो आणि चुना घातल्यावर तो पुन्हा उगवतो.

शोषकतेबरोबर सीओडी, म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, जरूर मोजावी. शोषकता खाली आली आणि सीओडी जागच्या जागी राहिली, तर रेणू तुटले आहेत पण सेंद्रिय भार गेलेला नाही असा त्याचा अर्थ होतो. टक्केवारीवरही फार विसंबू नये. फार गडद पाण्यातला 95 टक्के रंग काढला तरी उरलेले पाणी रंगीतच दिसू शकते, म्हणून शेवटची प्रत्यक्ष शोषकता हाच निकष धरावा.

किलाटन आणि जार चाचणी

डिस्पर्स, व्हॅट आणि ऑक्सिडीकृत झालेले सल्फर रंग असतील, तर किलाटनापासूनच सुरुवात करावी. किलाटक म्हणजे कोअॅग्युलंट. तो कणांवरचा ऋणभार निष्प्रभ करतो आणि स्वतःचे हायड्रॉक्साइड बनवून त्या जाळ्यात कण अडकवतो. ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे जलशुद्धीकरणात तुरटी म्हणून ओळखले जाणारे रसायन, साधारण 6 ते 7.5 सामूवर चांगले चालते. फेरिक क्लोराइड रंगांसाठी बहुधा त्याहून आम्लधर्मी, 4 ते 6 सामूच्या पट्ट्यात अधिक परिणामकारक ठरते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुन्याच्या साहाय्याने 9 च्या वरच्या सामूवर वापरतात; रंगाचे पाणी मुळातच अल्कधर्मी असल्यामुळे ते सोयीचे पडते, आणि फेरस लोह काही ॲझो रंगांचे क्षपणही करते. पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड सामूच्या अधिक रुंद पट्ट्यात काम करते आणि पाण्याची अल्कता कमी खाते.

मात्रा पुस्तकातून घ्यायची नसते, ती जार चाचणीतून शोधायची असते. किलाटकाचे 10 टक्क्यांचे द्रावण करावे, म्हणजे 100 मिलिलिटर द्रावणात 10 ग्रॅम. त्याचा 1 मिलिलिटर 1 लिटर नमुन्यात टाकला की मात्रा लिटरला 100 मिलिग्रॅम होते. एकसारखे ढवळलेले 1 लिटर पाणी सहा भांड्यांत घ्यावे, प्रत्येकाचा सामू अपेक्षित पट्ट्यात आणावा, आणि 1 पासून 6 मिलिलिटरपर्यंत चढत्या क्रमाने द्रावण टाकावे. पहिली एक-दोन मिनिटे मिनिटाला 100 ते 150 फेरे इतक्या वेगाने ढवळावे, जेणेकरून रसायन सर्वत्र पोहोचेल. मग वेग 30 फेऱ्यांच्या आसपास उतरवून 15 ते 20 मिनिटे ढवळत राहावे, म्हणजे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे पुंजके होतील. त्यानंतर अर्धा तास भांडी न हलवता ठेवावीत आणि वरची निवळी पृष्ठभागाच्या थोड्या खालून पिपेटने काढून मोजावी.

ही चाचणी दोन फेऱ्यांत करावी: पहिल्या फेरीत सामू स्थिर ठेवून मात्रा बदलावी, दुसऱ्या फेरीत सर्वोत्तम मात्रा स्थिर ठेवून सामू अर्ध्या-अर्ध्या अंकाने बदलावा. अनेकजण फक्त पहिली फेरी करतात आणि मात्रा वाढवत नेतात, तेव्हा खरी अडचण सामूची असते. लिटरला 100 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम सल्फेट सुमारे 50 मिलिग्रॅम अल्कता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, खाऊन टाकते, म्हणून रसायन टाकल्यानंतरचा सामू पुन्हा तपासावा; नोंद त्या सामूची करावी, आधीच्या नव्हे. पुंजके तयार होतात पण बसायला वेळ लागतो असे दिसले, तर हळू ढवळण्याच्या सुरुवातीला लिटरला 0.5 ते 2 मिलिग्रॅम ऋणभारित पॉलिइलेक्ट्रोलाइट, म्हणजे पुंजके जोडणारे विद्युतभारित लांब साखळीचे रसायन, टाकून पाहावे. तो आदल्या दिवशी 0.1 टक्का द्रावणात भिजवलेला असावा. कोरडी पूड थेट टाकली तर तिच्या न विरघळणाऱ्या गुठळ्या तयार होतात आणि ती वाया जाते.

प्रयोगशाळेत सापडलेली मात्रा टाकीला लावणे हे साध्या गुणाकाराचे काम आहे: 10,000 लिटरच्या टाकीला लिटरमागे 300 मिलिग्रॅम म्हणजे 3 किलो. मोठ्या टाकीत मात्र ढवळणे भांड्याइतके एकसमान नसते, त्यामुळे पहिल्या खेपेला निवळीचा नमुना काढून मोजल्याशिवाय पुढची खेप भरू नये.

रिॲक्टिव्ह रंगांची अडचण

पाण्याशी अभिक्रिया झालेले रिॲक्टिव्ह रंग लहान, अत्यंत विद्राव्य आणि सल्फोनेट गटांनी भरलेले असल्यामुळे तुरटीने ते नीट बसत नाहीत. मात्रा दुप्पट-तिप्पट केली की गाळ वाढतो, रंग फारसा घटत नाही. इथे दोन मार्ग उपयोगी पडतात. पहिला मार्ग मॅग्नेशियम क्लोराइडचा: सामू 10.5 च्या वर असला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे पुंजके बनतात, त्यांच्या पृष्ठभागावर धनभार असतो आणि ऋणभारित रंग त्यांना चिकटतो. रिॲक्टिव्ह रंगाचे पाणी आधीच 11 च्या आसपास असते, म्हणून आम्ल घालून ते उदासीन करण्याऐवजी त्याच अल्कतेचा उपयोग करून घेता येतो, आणि याच कारणासाठी हा मार्ग आधी तपासावा असे माझे मत आहे. सामू कमी पडल्यास चुन्याने चढवावा. पाण्यात कार्बोनेट खूप असेल, तर चुन्याचा काही भाग कॅल्शियम कार्बोनेट बनण्यात खर्च होतो आणि गाळ वाढतो, हे गृहीत धरावे.

दुसरा मार्ग धनभारित सेंद्रिय बहुवारिकांचा (पॉलिमरांचा), ज्यांत पॉलिडॅडमॅक आणि डायसायनडायमाइड-फॉर्मल्डिहाइड राळ हे दोन प्रकार विशेष वापरात आहेत. ते रंगाच्या सल्फोनेट गटांशी जोड्या जुळवून अविद्राव्य पुंजके करतात, मग त्यांना तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडची साथ दिली की पाणी झपाट्याने निवळते. हे रसायन सुरेख काम करते, म्हणूनच त्याचा अतिवापर होतो. मात्रा योग्य बिंदूच्या पुढे गेली की कण उलट धनभारित होतात, पुन्हा एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी परत गढूळ व रंगीत होते. उरलेले धनभारित बहुवारिक माशांना विषारी असते, जैविक टाकीतल्या सूक्ष्मजीवांना त्रास देते आणि पुढे मेम्ब्रेन (पाणी गाळणारे सूक्ष्म छिद्रांचे पटल) असेल तर ती बुजवते. म्हणून जार चाचणीत सर्वोत्तम मात्रा सापडल्यावर तिच्या किंचित खालच्या मात्रेवर काम करावे आणि उरलेला फिका रंग पुढच्या टप्प्यावर सोडावा.

फेंटन अभिक्रिया

रंगाचा रेणू तोडायचाच असेल, तर फेंटन अभिक्रिया हा सर्वांत हाताशी असलेला मार्ग आहे, कारण तिला खास यंत्रे लागत नाहीत. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची ही अभिक्रिया एच. जे. एच. फेंटन यांनी 1894 मध्ये नोंदवली. फेरस लोह पेरॉक्साइडचे विघटन करते आणि हायड्रॉक्सिल मूलक (रॅडिकल, म्हणजे अत्यंत क्रियाशील अणुगट) तयार होतो. त्याचे ऑक्सिडीकरण विभव सुमारे 2.8 व्होल्ट असते, ओझोनचे 2.07 आणि क्लोरीनचे 1.36. हा मूलक ॲझो बंधावर आणि बेंझिन वलयांवरही हल्ला करतो, पण तो निवड करत नाही. पाण्यात बायकार्बोनेट, कार्बोनेट किंवा भरपूर क्लोराइड असेल तर तो त्यांच्यावरही खर्च होतो. आम्ल घातल्याने कार्बोनेट निघून जाते. मिठाचा अडथळा मात्र राहतो, म्हणून खारट बाथच्या पाण्यात अभिक्रिया मंद चालते.

सुरुवातीची मात्रा ठरवण्यासाठी सीओडीचा आधार घ्यावा. 1 मिलिग्रॅम सीओडी पूर्णपणे संपवायला सिद्धान्ततः 2.125 मिलिग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. म्हणजे लिटरला 600 मिलिग्रॅम सीओडीसाठी 1275 मिलिग्रॅम. पण उद्देश मुख्यतः रंग काढण्याचा असेल, तर त्याच्या पाव ते निम्म्या मात्रेपासून चाचणी सुरू करावी. समजा लिटरला 500 मिलिग्रॅम पेरॉक्साइड घ्यायचे ठरले. 30 टक्के पेरॉक्साइडच्या 1 मिलिलिटरमध्ये सुमारे 0.33 ग्रॅम पेरॉक्साइड असते, म्हणून 1 लिटर नमुन्याला सुमारे 1.5 मिलिलिटर लागेल. पेरॉक्साइड आणि लोह यांचे वजनी प्रमाण 5:1 धरले, तर 100 मिलिग्रॅम लोह हवे. हिराकशीच्या स्फटिकांत लोह सुमारे 20 टक्के असल्यामुळे 500 मिलिग्रॅम हिराकस, म्हणजे ताज्या 10 टक्के द्रावणाचे 5 मिलिलिटर. हे द्रावण दररोज नवे करावे, कारण शिळ्या द्रावणात फेरस लोह हवेने फेरिक होऊन तपकिरी पडते.

क्रम चुकवू नये. पाणी 40 अंश सेल्सिअसच्या खाली थंड झालेले असावे, नाहीतर पेरॉक्साइड रंगावर खर्च होण्याऐवजी ऑक्सिजन बनून उडून जाते. प्रथम सल्फ्युरिक आम्लाने सामू 3 वर, म्हणजे 2.8 ते 3.5 या पट्ट्यात आणावा. त्यानंतर हिराकशीचे द्रावण टाकून ढवळावे. आणि शेवटी पेरॉक्साइड, तेही एकदम न ओतता दोन-तीन हप्त्यांत, थांबून थांबून घालावे. एकदम ओतलेले पेरॉक्साइड स्वतःच हायड्रॉक्सिल मूलक गिळते, आणि पाणी तीव्र असेल तर उष्णता व फेस दोन्ही आवरत नाहीत. सामू 4 च्या वर गेला की लोह अवक्षेपित होऊन अभिक्रिया थांबते, आणि 2.5 च्या बऱ्याच खाली गेला तरी ती मंदावते. रंग बहुधा पहिल्या काही मिनिटांत उतरतो, पण 30 ते 60 मिनिटे ढवळत राहावे, कारण पहिल्या मिनिटांत फक्त रंगाची जोडणी तुटलेली असते आणि तुकड्यांचे विघटन त्यानंतर चालू राहते.

अभिक्रिया झाल्यावर पेरॉक्साइड उरले आहे का ते चाचणी-पट्टीने पाहावे. उरलेले पेरॉक्साइड पुढे दोन ठिकाणी त्रास देते. ते सीओडीच्या डायक्रोमेट चाचणीत 1 मिलिग्रॅमला जवळजवळ 0.47 मिलिग्रॅम खोटी सीओडी दाखवते, आणि चुना घातल्यावर ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून लोहाचे पुंजके वर तरंगवते. म्हणून सामू चुन्याने किंवा कॉस्टिकने 8 ते 8.5 वर आणल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत हळू ढवळावे आणि मगच पॉलिइलेक्ट्रोलाइट टाकावे. 100 मिलिग्रॅम लोहातून सुमारे 190 मिलिग्रॅम फेरिक हायड्रॉक्साइडचा कोरडा गाळ निघतो. सल्फ्युरिक आम्लानंतर चुना वापरला तर जिप्समची त्यात भर पडते. वरच्याच मात्रा 10,000 लिटरला लावल्या, तर 5 किलो हिराकस, 50 टक्के पेरॉक्साइड 10 किलो आणि निव्वळ लोहाचा सुमारे 1.9 किलो कोरडा गाळ असा हिशेब होतो, आणि प्रत्यक्षात तो गाळ पाण्याने भरलेला असल्यामुळे त्याचे वजन कितीतरी पट असते.

फेंटनच्या कामात काळजी घेण्याच्या गोष्टी थोड्या पण कडक आहेत. आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही. 30 किंवा 50 टक्के पेरॉक्साइड त्वचा भाजते आणि लोह किंवा तांब्याच्या संपर्काने स्वतःच विघटित होऊ लागते, म्हणून ते हवा जाण्याची सोय असलेल्या मूळ डब्यातच ठेवावे, एकदा बाहेर काढलेले परत डब्यात ओतू नये आणि हिराकशीच्या जवळ साठवू नये. डोळ्यांवर बंद चष्मा आणि हातांत रसायनरोधक मोजे असल्याशिवाय टाकीजवळ जाऊ नये.

निळसर-हिरव्या, म्हणजे टर्क्वॉइज छटेच्या पाण्यात बहुधा कॉपर थॅलोसायनिन असते. ते तोडायला अवघड आहे, आणि तुटले तर त्यातले तांबे पाण्यात मोकळे होते. क्रोमियमयुक्त धातुसंकुल रंगांनाही हेच लागू होते. अशा पाण्यावर फेंटन केल्यास शेवटचा सामू 8.5 ते 9 ठेवून धातूचे हायड्रॉक्साइड खाली बसवावे आणि निवळीत तांबे व क्रोमियम दोन्ही मोजावेत. शक्य असेल तर हे रंग तोडण्याऐवजी किलाटनाने उचलून काढणेच बरे.

ओझोन, क्लोरीन आणि हायड्रोस

ओझोन रिॲक्टिव्ह आणि ॲसिड रंगांचा रंग फार वेगाने घालवतो, गाळ करत नाही आणि सामूची अडचणही कमी असते. पण तो साठवता येत नाही, जागेवरच विद्युत विसर्जनाने तयार करावा लागतो; सीओडीत त्याने फारशी घट होत नाही, आणि डिस्पर्स रंगांच्या कणांवर तो दुबळा पडतो. तो बहुधा शेवटचा फिका रंग काढण्यासाठी किंवा जैविक टाकीच्या आधी रेणू लहान करण्यासाठी ठेवावा. टाकीवरचा न वापरलेला ओझोन विघटकातूनच बाहेर सोडावा, कारण कामाच्या जागी हवेतला 0.1 पीपीएम ओझोनही मर्यादेवरचा मानला जातो. पर्सल्फेट आणि अतिनील किरणांबरोबरचे पेरॉक्साइड हेही मार्ग आहेत, पण गडद पाण्यात किरण आत शिरतच नाहीत, म्हणून अतिनील उपचार नेहमी रंग बराच उतरल्यानंतरच करावा. टायटॅनियम डायऑक्साइडवर आधारित प्रकाश-उत्प्रेरणाला अनॅटेज प्रकारात 387 नॅनोमीटरपेक्षा लहान तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि तीच अट त्यालाही लागू पडते.

सोडियम हायपोक्लोराइटने रंग जाताना दिसतो आणि म्हणूनच ते अनेकांना मोहात पाडते. ते टाळावे. सेंद्रिय पदार्थांशी त्याची अभिक्रिया होऊन क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे तयार होतात, जी मूळ रंगापेक्षा अधिक टिकाऊ आणि विषारी असू शकतात. शिवाय आम्लधर्मी पाण्याशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो.

हायड्रोस किंवा इतर क्षपकांनी ॲझो रंग क्षणात विरंगतो, पण तो तुटून ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात. बेंझिडीनपासून बनलेल्या रंगातून बेंझिडीनच बाहेर पडते, जे मानवात कर्करोग निर्माण करणारे म्हणून वर्गीकृत आहे. पाणी स्वच्छ दिसते आणि आधीपेक्षा अधिक घातक असते. हा उपाय करायचाच असेल, तर अमाइन फोडणारी ऑक्सिडीकरणाची किंवा वायुजीवी जैविक प्रक्रियेची पायरी त्याच्या पुढे असल्याशिवाय करू नये. फेरस लोहाने होणाऱ्या क्षपणालाही हाच इशारा लागू आहे, जरी तिथे बऱ्याच अंशी रंग गाळात उचलला जातो.

शेवटची तपासणी

निवळी बाहेर सोडण्यापूर्वी तिची बाटली झाकण न लावता एक रात्र ठेवून द्यावी. सकाळी रंग परत आला असेल, तर व्हॅट, सल्फर किंवा अँथ्राक्विनोन रंगाचे क्षपित रूप उरले होते असे समजावे; पिवळट-तपकिरी गढूळपणा आला असेल, तर हिराकशीचे फेरस लोह उरले होते आणि सामू किंवा हवा देण्याची वेळ वाढवायला हवी. जैविक टाकी पुढे असेल, तर निवळीचा सामू 6.5 ते 8.5 दरम्यान आणि पेरॉक्साइड शून्य असावे.

मीठ मात्र या कोणत्याही पद्धतीने कमी होत नाही. उलट किलाटक, आम्ल आणि अल्क यांनी एकूण विरघळलेले घन पदार्थ वाढतातच. पाणी शेतीला किंवा पुन्हा रंगकामाला द्यायचे असेल, तर त्यासाठी मेम्ब्रेन किंवा बाष्पीभवन ही वेगळी पायरी लागते, आणि तिच्या आधी धनभारित बहुवारिक व लोह उरलेले नाही याची खात्री करावी लागते.

गाळ फिल्टर प्रेसमधून दाबून घट्ट वड्या कराव्यात. त्यात रंग, धातू आणि कधी कधी अमाइनही असतात, म्हणून तो खत किंवा भराव म्हणून वापरू नये आणि उघड्यावर पावसात ठेवू नये, कारण चिकटलेला रंग सामू बदलला की पुन्हा सुटू शकतो. मॅग्नेशियमचा गाळ तर विशेष जपावा: सामू 10 च्या खाली आला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड विरघळू लागते आणि त्याने धरलेला रंग निथळीच्या पाण्यात परत येतो, म्हणून त्याचे निथळणारे पाणी सरळ गटारात न सोडता पुन्हा समतोल टाकीकडे वळवावे. गाळाची विल्हेवाट त्या जागी लागू असलेल्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार लावावी, आणि प्रत्येक खेपेची तारीख, रंगाचा वर्ग, वापरलेल्या मात्रा, शेवटचा सामू व तिन्ही तरंगलांबींवरची शोषकता एकाच वहीत नोंदवावी, म्हणजे तोच रंग पुन्हा आला की जार चाचणी कुठून सुरू करायची ते त्या वहीवरून कळते.